अमक्याची बायको, तमक्याची आई

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा अहवाल निवडणूक आयोगाने १९५५ साली छापला. लिहिणारे सुकुमार सेन, देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त, आय.सी.एस. अधिकारी. अहवालाची भाषा सरकारी आणि मोजकी आहे. मतपेट्या किती, शाई किती, कागद किती याचा हिशेब ज्या सुरात दिला आहे, त्याच सुरात मतदारयाद्यांच्या प्रकरणात एक आकडा येतो. देशात स्त्री-मतदार सुमारे ८ कोटी होत्या. त्यांतल्या जवळजवळ २८ लाख जणींनी आपले खरे नाव सांगितले नाही, म्हणून त्यांच्या नोंदी यादीतून काढून टाकाव्या लागल्या.

हे कसे घडले तेही सेन सांगतात. याद्या करणारे कारकून आणि शिक्षक घरोघर गेले. काही प्रांतांत, मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेशात, बायकांनी परक्या माणसाला नाव सांगायचे नाही अशी रीत होती. तेव्हा कारकुनाने रकान्यात लिहिले : अमक्याची बायको, तमक्याची आई. याद्या दिल्लीपर्यंत गेल्यावर आयोगाच्या लक्षात आले की लाखो मतदारांना नावच नाही. आयोगाने हुकूम काढला की नाव हा ओळखीचा आवश्यक भाग आहे, नावाशिवाय नोंद ठेवू नये. जिथे शक्य होते तिथे पुन्हा विचारणा झाली. बिहारला त्यासाठी महिन्याभराची खास मुदतवाढ मिळाली. तरीही शेवटी २८ लाख उरल्याच.

आपल्याकडे नवऱ्याचे नाव घ्यायला बायकांना उखाणा लागायचा. तिकडे उलट, स्वतःचे नाव उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचे नाही. ही रीत किती जुनी आणि कोणत्या जातींत किती कडक, हा समाजशास्त्राचा विषय झाला. माझे लक्ष कागदावर आहे. अहवालातले वाक्य असे घडवले आहे की नाव न सांगण्याचे कर्तेपण बाईकडे जाते. तिने सांगितले नाही, म्हणून नोंद गेली. पण दारात उभा राहून कारकुनाशी बोलला कोण? बहुतेक घरांत सासरा, दीर किंवा नवरा बोलला असणार. बाईला कोणी विचारले की नाही, हे त्या रकान्यावरून कळायला मार्ग नाही. मुख्य म्हणजे ‘अमक्याची बायको’ ही नोंद पुरेशी आहे असे त्या कारकुनाला वाटले तरी कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधत मागे जावे लागते. त्याआधी २८ लाखांचे मोल नीट कळायला हवे. तो तोटा नुसत्या मताचा नव्हता. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ४ प्रमाणे लोकसभेसाठी उभे राहायचे तर कुठल्या ना कुठल्या लोकसभा मतदारसंघाच्या यादीत नाव असावेच लागते. यादीत नाव नाही म्हणजे उमेदवारीही नाही. ज्या बाईला स्वतःचे नाव सांगता येत नव्हते ती कुठे लोकसभेला उभी राहणार होती, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण हे वाक्य जसेच्या तसे गोऱ्या साहेबांनी आणि काळ्या साहेबांनी १९१९ पासून म्हटले होते आणि दर वेळी त्याचा आधार घेऊन नियम केले होते.

आता मागचे कागद.

१९५१ च्या आधी देशात शेवटचा मोठा मताधिकार ठरवला तो हिंदुस्थान सरकारच्या १९३५ च्या कायद्याने. त्याचे सहावे परिशिष्ट प्रांतवार मतदारांची पात्रता सांगते. वाचायला अत्यंत कंटाळवाणे, सारा, घरभाडे, प्राप्तिकर, साक्षरता यांच्या पोटकलमांचे जंगल. स्त्रियांसाठी त्यात वेगळ्या वाटा काढल्या आहेत. स्वतःची मालमत्ता असेल तर मत. काही प्रांतांत लिहिता-वाचता येत असेल तर मत. सैनिकाची पेन्शन घेणारी विधवा किंवा आई असेल तर मत. आणि सगळ्यांत रुंद वाट म्हणजे नवऱ्याकडे ठरावीक मालमत्ता असेल तर त्याची बायको म्हणून मत. काही प्रांतांत तर या वाटेने येणाऱ्या बाईने, किंवा तिच्या वतीने कोणी, तसा अर्ज केला तरच नाव चढायचे.

म्हणजे ‘अमक्याची बायको’ हे १९५० च्या कारकुनाच्या डोक्यातून निघालेले नव्हते. पंधरा वर्षांपूर्वी ती कायदेशीर पात्रता होती. जुन्या याद्या पाहून, जुन्या हाताखालच्या सवयीने नव्या याद्या झाल्या. हा माझा तर्क आहे. सेन यांनी असे कुठे म्हटलेले नाही, ते सगळा भार रूढीवर टाकतात. पण रूढी आणि कायदा यांनी एकच रकाना वापरला होता, हे दोन्ही कागद शेजारी ठेवले की दिसते.

१९३५ च्या कायद्याने सुमारे ६० लाख स्त्रियांना मत मिळाले. पुरुष होते २ कोटी ९० लाखांच्या घरात. ही पाचास एकची सुधारणासुद्धा सहज आलेली नव्हती. त्याआधीच्या घटनेत वीस पुरुष मतदारांमागे एक बाई असे प्रमाण होते. कारण साधे होते. मत मालमत्तेवर होते आणि मालमत्ता पुरुषाच्या नावावर होती. एकत्र कुटुंबातल्या हिंदू बाईच्या हाती स्त्रीधनापलीकडे काही नसायचे. १९३७ चा कायदा येईपर्यंत विधवेला नवऱ्याच्या वाट्यात हक्क मिळाला नव्हता, आणि त्यानंतरही मिळाला तो हयातीपुरता.

हे गणित सोडवायला १९३२ साली लॉर्ड लोथियन यांच्या अध्यक्षतेखाली मताधिकार समिती हिंदुस्थानभर फिरली. तिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, राधाबाई सुब्बरायन होत्या, ब्रिटिश खासदार मेरी पिकफर्ड होत्या. समितीने साडेचार पुरुषांमागे एक स्त्री इतके प्रमाण गाठायचे असे ठरवले आणि त्यासाठी बायकोपणाची पात्रता पुढे केली. सगळ्यांना मत देणे प्रशासनाला झेपणार नाही, मालमत्तेच्या अटीने स्त्रिया येत नाहीत, मग नवऱ्याच्या मालमत्तेवर तिला आणा, असा हा हिशेब. हिशेबाच्या दृष्टीने तो चूकही नव्हता. फक्त त्यामुळे बाई मतदार झाली ती नवऱ्याच्या खात्यावर.

स्त्रियांच्या संघटनांना हे मान्य नव्हते. अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली बैठक जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात भरली होती, विषय होता शिक्षण. चार-पाच वर्षांत ती राजकारणावर बोलू लागली. १९३१ साली परिषद, विमेन्स इंडियन असोसिएशन आणि नॅशनल काउन्सिल या तिन्ही संघटनांनी मिळून निवेदन दिले. त्याचा आशय असा की सर्व प्रौढांना मत द्या, स्त्री म्हणून राखीव जागा देऊ नका, नेमणुकाही करू नका. मैदान सारखे असू द्या, मेहेरबानी नको. पहिल्या गोलमेज परिषदेला सरकारने नेमलेल्या राधाबाई सुब्बरायन आणि बेगम शाहनवाझ यांनी मात्र आधीच वेगळी मागणी ठेवली होती : काही निवडणुकांपुरत्या तरी पाच टक्के जागा स्त्रियांसाठी ठेवा. दुसऱ्या परिषदेला सरोजिनी नायडू गेल्या आणि त्यांनी संघटनांची बाजू मांडली.

या वादात राधाबाईंना बहुतेक इतिहासकार सरकारी गोटातल्या म्हणून बाजूला सारतात. मला ते पटत नाही. त्यांचे यजमान मद्रास प्रांताचे मुख्यमंत्री राहिलेले, घर श्रीमंत, माहेर मंगळूरचे सुशिक्षित. मतदान आणि उमेदवारी यांच्यामधली दरी त्यांनी घरात बसून पाहिली होती. त्यांचे म्हणणे एवढेच होते की सारखे मैदान दिले तरी संघ निवडणारे पुरुषच आहेत. पुढचे कागद त्यांच्या बाजूने साक्ष देतात.

सरकारने दोघींचेही ऐकले नाही आणि दोघींचेही थोडे थोडे ऐकले. १९३२ च्या जातीय निवाड्याने स्त्रियांना राखीव जागा दिल्या, पण धर्मवार वाटून. १९३५ च्या कायद्यात प्रांतिक विधानसभांत एकूण ४१ जागा स्त्रियांसाठी ठेवल्या. मद्रासला ८, मुंबईला ६, संयुक्त प्रांताला ६, बंगालला ५, मध्य प्रांत व वऱ्हाडला ३, आसामला १, वायव्य सरहद्द प्रांताला एकही नाही. मुंबईच्या सहांतल्या पाच सर्वसाधारण, एक मुसलमान. पंजाबच्या चारांत एक सर्वसाधारण, एक शीख, दोन मुसलमान. सगळ्या स्त्रियांच्या वतीने एकत्र मागणी करणाऱ्या संघटनांना त्या मागणीचेच असे तुकडे करून परत मिळाले.

आणि दिल्ली? राष्ट्रीय राजकारणाचे दार त्या कायद्यात संघीय विधानसभेच्या रूपाने होते. ब्रिटिश हिंदुस्थानच्या २५० जागांपैकी ९ स्त्रियांना. त्या नऊ जणींना निवडायचे कोणी, तर प्रांतिक विधानसभांतल्या स्त्री-सदस्यांनी. मतदारांचा संबंधच नाही. म्हणजे आधी प्रांतातल्या ४१ जागांपैकी एखादी मिळवा, मग तिथल्या मूठभर बायकांनी आपल्यातून दिल्लीला कोणी पाठवायचे. तेही घडले नाही. संस्थानिकांनी अंग काढून घेतले, युद्ध आले आणि कायद्यातले संघराज्य अस्तित्वात आलेच नाही. नऊ खुर्च्या कागदावर होत्या, ज्या सभागृहात त्या मांडायच्या ते सभागृह उभेच राहिले नाही. जुन्याच केंद्रीय कायदेमंडळात मग एखाद-दुसरी बाई दिसते : १९३८ साली राधाबाई सुब्बरायन राज्यपरिषदेत निवडून आल्या, त्या सभागृहातल्या पहिल्या स्त्री, १९४३ साली हिंदू कायद्याच्या चर्चेसाठी रेणुका राय यांची केंद्रीय विधानसभेवर नेमणूक झाली.

प्रांतांत मात्र १९३७ च्या निवडणुकीने काही जणींना पहिली पायरी मिळाली. विजयालक्ष्मी पंडित संयुक्त प्रांतात मंत्री झाल्या. हंसाबेन मेहता मुंबईच्या विधान परिषदेत निवडून आल्या आणि संसदीय सचिव झाल्या. नागपूरला अनसूयाबाई काळे मध्य प्रांत-वऱ्हाड विधानसभेच्या उपसभापती झाल्या. अनसूयाबाईंची वाटचाल कागदोपत्री लावून पाहण्यासारखी आहे. १९२८ साली सरकारने त्यांना प्रांतिक कायदेमंडळावर नेमले. १९३७ साली त्या निवडून गेल्या. बेचाळीसनंतर आष्टी-चिमूरच्या फाशीच्या कैद्यांसाठी त्यांनी रान उठवले. १९५२ साली नागपुरातून लोकसभेवर गेल्या. नेमणुकीपासून दिल्लीपर्यंत चोवीस वर्षे, आणि हे सगळे शिकलेल्या, शहरातल्या, काँग्रेसच्या आघाडीवरच्या बाईचे.

अजून मागे गेले की १९१७ येते. डिसेंबर १९१७ मध्ये भारतमंत्री मॉंटेग्यू सुधारणांसाठी देशभर शिष्टमंडळे भेटत होते. १८ डिसेंबरला मद्रासला सरोजिनी नायडूंच्या पुढाकाराने स्त्रियांचे शिष्टमंडळ त्यांना भेटले. मार्गारेट कझिन्स यांची त्यामागे धडपड होती. शिक्षणाच्या आणि वैद्यकीय सोयींच्या मागण्यांबरोबर त्यांनी एक नवी मागणी घातली : पुरुषांना ज्या अटींवर मत द्याल त्याच अटींवर आम्हालाही द्या. मॉंटेग्यूंनी रोज रोजनिशी लिहिली, ती पुढे छापली गेली. शिष्टमंडळाची नोंद तीत आहे. नायडूबाई हुशार आहेत, आकर्षक आहेत, पण मनाने क्रांतिकारक असाव्यात, असा त्यांचा अभिप्राय. बाईचे रूप आणि बाईचे राजकारण एका दमात टिपण्याची ही तऱ्हा आजच्या वार्तांकनातही ओळखीची आहे. पुढच्या वर्षी निघालेल्या मॉंटेग्यू-चेम्सफर्ड अहवालात स्त्रियांच्या मताचा उल्लेख नव्हता.

मग साउथबरो समिती आली. तिने साक्षी घेतल्या आणि १९१९ मध्ये निष्कर्ष काढला की हिंदी समाजाची सनातनी घडण पाहता स्त्रियांना मत देणे वेळेआधीचे ठरेल, पडद्यातल्या बायका मतदानकेंद्रावर येणार कशा. याला उत्तर द्यायला मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन लंडनला गेल्या. पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे त्यांनी निवेदन दिले, ब्रिटिश स्त्रीसंघटनांच्या सभांतून भाषणे केली. मिठन तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांच्या. पुढे त्या बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. मायलेकींच्या दौऱ्याचा परिणाम काय झाला तर लंडनने निर्णय टाळला. १९१९ च्या कायद्याखालच्या नियमांत लिंगभेदाची अट कायम ठेवली, आणि ती उठवायची की नाही हे प्रांतांच्या कायदेमंडळांवर सोपवले. त्या कायदेमंडळांत सगळे पुरुष, आणि त्यांना निवडून देणारेही सगळे पुरुष.

त्या पुरुषांनी ती अट उठवली, हे त्यांच्या नावावर लिहिलेच पाहिजे. १९२१ साली मद्रासने आणि त्याच वर्षी मुंबईने ठराव केला. नंतर एकेक करून इतर प्रांत आले. पण नियमांची बारीक अक्षरे वाचली की गंमत दिसते. ठरावाने मिळाले ते मत देणे. कायदेमंडळात बसणे हे वेगळे कलम होते आणि ते बंदच राहिले. मुडीमन समितीने ते उघडण्याची शिफारस केली आणि १९२६ मध्ये नियम बदलले. तोपर्यंत पाच वर्षे मुंबई-मद्रासच्या बाईला कायदेमंडळाने सांगितले होते की आम्हाला निवडून द्या, आमच्यात येऊ नका. नियम बदलले आणि लगेच कमलादेवी चट्टोपाध्याय मंगळूरकडून मद्रास कायदेमंडळासाठी उभ्या राहिल्या, थोडक्या मतांनी पडल्या. डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी नेमणुकीने गेल्या आणि १९२७ मध्ये उपाध्यक्ष झाल्या. पहिली निवडणुकीत पडली, दुसरी नेमली गेली. पुढे अनेक वर्षे नमुना हाच राहिला.

आता परत पुढे, संविधान सभेत. पंधरा स्त्रिया तिथे होत्या. १९ डिसेंबर १९४६ रोजी हंसाबेन मेहतांनी सभागृहाला आठवण करून दिली की आम्ही स्त्रियांनी कधी राखीव जागा, स्वतंत्र मतदारसंघ मागितले नाहीत. आम्हाला सामाजिक, आर्थिक, राजकीय न्याय हवा. जुलै १९४७ मध्ये रेणुका राय यांनीही राखीव जागांना विरोध केला. १९३५ च्या कायद्याचा अनुभव ताजा होता. बायकोपणाच्या पात्रतेने आणि धर्मवार तुकड्यांनी पोळलेल्या या पिढीने राखीव जागा नाकारल्या यात नवल नाही. त्यांना माणूस म्हणून यादीत जायचे होते, आणि कलम ३२६ ने तेच दिले : प्रौढ मताधिकार. बायकोपणा, मालमत्ता, साक्षरता, सगळ्या अटी एका फटक्यात गेल्या. जगाच्या इतिहासात एवढे मोठे पाऊल एका दमात टाकलेले फारसे सापडत नाही, आणि त्याचे मोल २८ लाखांच्या आकड्याने कमी होत नाही.

पण त्याच सभागृहात १९४९ च्या ऑक्टोबरात एक छोटा प्रसंग घडला, ज्याकडे सहसा कोणी पाहत नाही. सरोजिनी नायडूंचे निधन झाले होते, काही जणींनी राजीनामे दिले होते, विजयालक्ष्मी परदेशी वकिलातीत होत्या. पूर्णिमा बॅनर्जी उठल्या आणि म्हणाल्या की स्त्रियांच्या ज्या जागा रिकाम्या झाल्या त्या स्त्रियांनीच भराव्यात. राखीव जागा नकोत असे म्हणणाऱ्यांच्याच बाकावरून ही विनंती आली. त्यांनी ती रेटली नाही. सारख्या मैदानाचा भरवसा संविधान मंजूर होण्याआधीच थोडा डळमळला होता, असे मी या प्रसंगावरून समजतो.

१९५१ च्या मैदानात काय काय होते ते पाहा. लोकसभेच्या उमेदवाराला ५०० रुपये अनामत भरायची, अनुसूचित जाती-जमातींना निम्मी. त्या काळी प्राथमिक शिक्षकाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराची ही रक्कम. हिंदू बाईच्या नावावर तोवर फारशी मालमत्ता नव्हती. ती देऊ पाहणारे हिंदू संहिता विधेयक संसदेत रखडले, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये आंबेडकरांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला तेव्हा सांगितलेल्या कारणांत ते एक ठळक कारण होते. पुढच्याच महिन्यात, २५ ऑक्टोबरला, हिमाचलातल्या चिनी तहसिलीत पहिले मत पडले. ज्या माणसाने लोथियन समितीत बसून स्त्रीच्या मताला मालमत्तेची गाठ कशी पडते हे पाहिले होते, तोच माणूस ती गाठ सोडवता येईना म्हणून निवडणुकीच्या तोंडावर बाहेर पडला. वारसाहक्काचा कायदा आला १९५६ मध्ये.

पहिल्या लोकसभेत स्त्रिया जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास. आजच्या महाराष्ट्राच्या भागातून अनसूयाबाई काळे, पुणे दक्षिणमधून इंदिराबाई मायदेव, मुंबई उपनगरातून जयश्री रायजी. पंतप्रधान नेहरूंना हे टोचले. १८ मे १९५२ च्या पत्रात त्यांनी मुख्यमंत्र्यांना लिहिले की इतक्या कमी स्त्रिया निवडून आल्या याचा खेद वाटतो, आपले कायदे पुरुषांनी केलेले आहेत आणि म्हणून आपली नजरही एकांगी होते. पत्र सुंदर आहे. पण ज्या पक्षाने तिकिटे वाटली त्याचे अध्यक्ष त्या वेळी खुद्द नेहरूच होते, हेही लक्षात ठेवायला हवे. १९५७ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने ठरवले की उमेदवारांत निदान १५ टक्के स्त्रिया असाव्यात.

आता १९५७ चे आकडे. लोकसभेसाठी सर्व पक्षांचे आणि अपक्ष मिळून १,५१९ उमेदवार उभे होते. त्यांत स्त्रिया ४५, म्हणजे शंभरात तीन. निवडून आल्या २२. पुढच्या खेपेस, १९६२ साली, उभ्या राहिल्या ६६, आल्या ३१. दोन्ही वेळा जवळजवळ निम्म्या जिंकल्या. सगळ्या उमेदवारांचे मिळून पाहिले तर १९५७ मध्ये तिघांतला एक आणि १९६२ मध्ये चौघांतला एक जिंकत होता.

या आकड्यांवरून मतदार बायकांना जास्त पसंत करत होता असे म्हणण्याची घाई करू नये. तिकीट मिळालेल्या मूठभर स्त्रिया बहुधा मोठ्या घराण्यांतल्या किंवा चळवळीतून नाव झालेल्या होत्या, आणि भरवशाच्या मतदारसंघांत उभ्या केलेल्या होत्या. अपक्षांची जी खोगीरभरती एकूण उमेदवारांची संख्या फुगवते तीत बायका नव्हत्या. हे सगळे धरूनही एक गोष्ट उरते. समाज सनातनी आहे, लोक बाईला मत देणार नाहीत, हे साउथबरो समितीचे कारण मतपेटीत टिकले नाही. जिला उभे केले तिला लोकांनी मत दिले. गाळणी त्याच्या आधीच्या खोलीत लागली होती, जिथे तिकिटे ठरतात.

१९७१ साली नेमलेल्या स्त्रियांच्या दर्जाविषयक समितीपुढे हा प्रश्न पुन्हा आला. डॉ. फूलरेणू गुहा अध्यक्ष होत्या. समितीने १९७४ च्या अखेरीस अहवाल दिला आणि बहुमताने कायदेमंडळातल्या राखीव जागा पुन्हा नाकारल्या. लोतिका सरकार आणि वीणा मजुमदार यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. दोघी आधी त्याच सारख्या मैदानाच्या तत्त्वावर वाढलेल्या, पण समितीच्या कामात गोळा झालेल्या माहितीने त्यांचे मत बदलले. राधाबाई सुब्बरायनांचा १९३० चा मुद्दा ४४ वर्षांनी असा परत आला, त्यांचे नाव न घेता.

१९७७ ची निवडणूक लोकशाहीच्या विजयाची म्हणून सांगितली जाते. त्या लोकसभेत स्त्रिया अवघ्या १९ होत्या, आजवरचा नीचांक. मुंबईच्या सहा जागांपैकी दोन मात्र स्त्रियांच्या : उत्तर मुंबईतून मृणाल गोरे, उत्तर-मध्य मुंबईतून अहिल्याताई रांगणेकर. पाणीवाली बाई दिल्लीला आणि दिल्लीवाली बाई पाण्यात, ही घोषणा जुन्या गोरेगावकरांना अजून पाठ आहे. मृणालताई गोरेगाव ग्रामपंचायतीपासून सुरुवात करून महापालिका, विधानसभा अशा पायऱ्या चढत गेल्या होत्या, पाणी, रॉकेल आणि महागाईवर लाटणी घेऊन रस्त्यावर उतरत. दोघीही चळवळीतून आलेल्या, तिकिटासाठी कोणाच्या दारात बसावे न लागलेल्या.

नंतरचा इतिहास वाचकांना माहीत आहे. सप्टेंबर १९९६ मध्ये देवेगौडा सरकारने एक तृतीयांश जागांचे विधेयक आणले, गीता मुखर्जी समितीने ते तपासले, ते बारगळले. पुन्हा पुन्हा आले, २०१० मध्ये राज्यसभेत मंजूर होऊन लोकसभेत अडकले. सप्टेंबर २०२३ मध्ये १०६ वी घटनादुरुस्ती झाली. लोकसभेत बाजूने ४५४, विरोधात २. कलम ३३४-अ सांगते की तरतूद लागू होईल ती दुरुस्तीनंतरची पहिली जनगणना आणि तिच्यावर आधारलेली मतदारसंघ पुनर्रचना झाल्यावर. २०२४ च्या निवडणुकीत ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या.

मतदारयाद्या, परिशिष्टे, समित्यांचे अहवाल, सभागृहांची भाषणे, हे सगळे छापलेले आहे आणि ग्रंथालयात जाऊन वाचता येते. ज्या खोलीत तिकिटे ठरली तिथला कागद मात्र क्वचित मिळतो. इच्छुकांनी जिल्हा समितीला लिहिलेले अर्ज, निरीक्षकांचे शेरे, ‘बाईंना पुढच्या वेळी पाहू’ असे कळवणारी पत्रे, प्रचाराच्या खर्चाच्या वह्या, हे बहुतेक कोणाच्या तरी घरात माळ्यावर पडलेले असते. पक्ष कोणताही असो, तुमच्या आजीने, मावशीने, शेजारच्या बाईंनी कधी तिकीट मागितले असेल, मिळाले असेल किंवा नाकारले गेले असेल, तर ते कागद रद्दीत घालू नका. जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा राज्य पुराभिलेखागारात नेऊन द्या, आणि देताना त्यांचे पूर्ण नाव पाकिटावर लिहा.